मलावीतील मातामृत्यू कमी करण्यासाठी मर्यादित निधी कुठे लावावा?

आपला प्रश्न मला असा समजला आहे. पुण्यातील आपल्या संस्थेला मलावीच्या एका ग्रामीण जिल्ह्यात माता व प्रजनन आरोग्यासाठी दोन वर्षांचा निधी मिळाला आहे, रक्कम फार मोठी नाही आणि आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: आरोग्य केंद्रांना सोनोग्राफी यंत्रे देणे, एक रुग्णवाहिका घेणे, किंवा स्त्रियांनी दवाखान्यातच बाळंत व्हावे म्हणून गावोगाव जनजागृती करणे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवर केलेल्या कामाचा अनुभव तिकडे तसाच वापरता येईल का, हेही आपण विचारले आहे. मी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ असून मध्य मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात काही वर्षे काम केले आहे, आणि त्यानंतरही तेथील आरोग्य केंद्रांतील परिचारिकांच्या प्रशिक्षणाशी माझा संबंध टिकून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगते. या तीनपैकी एकाही पर्यायाला मी पहिले स्थान देणार नाही. निधीचा मोठा हिस्सा आरोग्य केंद्राच्या प्रसूती कक्षात रात्री काय घडते यावर आणि त्या कक्षापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर खर्च व्हावा, आणि उरलेला हिस्सा गर्भनिरोधक सेवा व गर्भपातानंतरच्या उपचारांसाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

बाहेरून पाहणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की आफ्रिकेतील गरीब देशांत स्त्रिया घरीच सुईणीच्या हातून बाळंत होतात आणि म्हणून दगावतात. मलावीबद्दल हे आता खरे राहिलेले नाही. २०१५-१६ च्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणानुसार तेथील ९१ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. २०१० च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ७३ टक्के होते. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-५) भारताचा आकडा ८८.६ टक्के आहे, म्हणजे या एका बाबतीत मलावी आपल्यापेक्षा किंचित पुढेच दिसतो. तरीही मलावीच्या त्याच २०१५-१६ च्या सर्वेक्षणात मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ४३९ इतके आढळले. भारताचे २०१८-२० चे प्रमाण ९७ होते आणि महाराष्ट्राचे ३३. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, वर्षे वेगळी आहेत, मलावीतील २०१० चा आकडा ६७५ होता आणि २०१६ नंतरचे अंदाजही उतरतेच आहेत, तेव्हा या आकड्यांची काटेकोर तुलना करू नये. पण अंतर एवढे मोठे आहे की पद्धतीतील फरकाने ते भरून निघत नाही. बाई कळा सुरू झाल्यावर मैलोगणती चालत किंवा सायकलच्या कॅरिअरवर बसून आरोग्य केंद्रात पोहोचते, आणि तेथे पोहोचल्यानंतर तिला जे मिळायला हवे ते वेळेत मिळत नाही, हे मलावीचे आजचे खरे दुखणे आहे.

या क्षेत्रात काम करणारे लोक १९९४ पासून ‘तीन उशिरां’च्या भाषेत बोलतात: पहिला उशीर घरात निर्णय घेण्यात, दुसरा वाटेत, आणि तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात. आपली जनजागृती पहिल्या उशिरावर नेम धरते, आणि तो उशीर मलावीने स्वतःच्या प्रयत्नाने बराच कमी केला आहे. दुसरा उशीर तेथे दोनदा सोसावा लागतो, एकदा घरापासून आरोग्य केंद्रापर्यंत आणि पुन्हा केंद्रापासून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत. तिसऱ्या उशिराकडे देणगीदारांचे लक्ष सर्वांत कमी जाते, कारण त्याचे छायाचित्र काढता येत नाही.

अर्थात बरेच काही आपल्या जिल्ह्यावर अवलंबून आहे. न्सांजे किंवा चिक्वावा यांसारख्या शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यातील जिल्ह्यांत पूर ही दरवर्षीची चिंता असते. मार्च २०२३ मधील फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत रस्ते आणि पूलच नव्हे तर आरोग्य केंद्रेही निकामी केली होती. राजधानी लिलोंग्वेच्या आसपासच्या ग्रामीण भागात रस्ता बरा असतो, पण एका केंद्रावर येणाऱ्या बायकांची संख्या अफाट असते. केंद्र सरकारी आहे की ‘ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी’ या ख्रिस्ती आरोग्य संघटनेचे, यावर तेथे शुल्क लागते का आणि कोणती गर्भनिरोधके मिळतात हे ठरते. म्हणून काहीही खरेदी करण्यापूर्वी पहिला महिना-दीड महिना प्रत्येक केंद्राच्या प्रसूती नोंदवहीसमोर आणि संदर्भसेवेच्या वहीसमोर बसून काढावा. किती बायकांना पुढे पाठवले, निरोप कधी गेला, गाडी कधी आली, बाई कधी पोहोचली आणि पुढे तिचे काय झाले, एवढी पाच उत्तरे मिळाली तरी आपला अर्धा आराखडा तयार होईल. शेवटचा रकाना बहुधा कोरा सापडेल, आणि तो कोरा असणे हीसुद्धा उपयुक्त माहिती आहे.

आता प्रसूती कक्षात येऊ. ग्रामीण केंद्रात डॉक्टर नसतो. एक मेडिकल असिस्टंट आणि एक-दोन नर्स-मिडवाइफ टेक्निशियन यांच्यावर सगळा भार असतो आणि रात्री बहुतेक वेळा एकच परिचारिका असते. बाळंतपणासाठी येणारी बाई आपले सामान स्वतः आणते: खाली अंथरायला काळ्या प्लास्टिकचा तुकडा, नवे ब्लेड, एक घमेले आणि दोन-तीन चितेंजे, म्हणजे तेथील बायका कमरेला गुंडाळतात ते छापील सुती कापड. बाळ झाल्यावर अंगावरून जाणारे रक्त या चितेंज्यांत मुरते. कापड गडद रंगाचे, वर ठसठशीत नक्षी, उजेड एखाद्या सौर दिव्याचा किंवा मोबाइलचा, आणि भिजलेले कापड सोबतची सासू किंवा मावशी धुवायला बाहेर घेऊन जाते. अशा वेळी किती रक्त गेले हे परिचारिकेने केवळ नजरेने ठरवायचे असते. अनुभवी माणसाचा नजरेचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा बराच कमी येतो, हे जगभरच्या प्रसूती कक्षांत दिसून आले आहे. परिचारिकेला ‘जरा जास्त आहे’ असे वाटू लागते तेव्हा बाईची नाडी एकशेवीसच्या पुढे गेलेली असते.

या एका गोष्टीवर अलीकडे फार चांगला अभ्यास झाला आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या खाली खुणा केलेली पारदर्शक प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त त्यात साठू द्यायचे, आणि ते ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचले की गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्त गोठून राहायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त नेमके कुठून जाते आहे याची तपासणी, हे सगळे एकामागून एक करून वाट पाहत न बसता एकदमच सुरू करायचे, एवढीच ती पद्धत. जेथे ती वापरली तेथे अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी ९३ टक्के बायकांचा रक्तस्राव वेळीच ओळखला गेला, तर नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्क्यांचा. आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. ही चाचणी रुग्णालयांत झाली, एकट्या परिचारिकेच्या केंद्रात नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही मोजण्याचा भाग केंद्रालाही तंतोतंत लागू पडतो, कारण पुढे पाठवायचे की नाही हा निर्णय तेथेच घ्यायचा असतो. आपल्या निधीतून पहिली खरेदी मी या पिशव्यांची करीन.

दुसरी बाब ऑक्सिटोसिनची. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, नाहीतर त्याचा जोर कमी होत जातो आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही. ग्रामीण केंद्रात वीज नसली तरी लसींसाठी सौर किंवा गॅसवर चालणारा फ्रिज असतो, आणि ऑक्सिटोसिन त्यात ठेवायला हरकत नाही असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी स्पष्ट केले आहे. पण मी पाहिलेल्या एका केंद्रात त्या फ्रिजची किल्ली लसीकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिशात असे आणि तो संध्याकाळी घरी जाई. रात्रीसाठी म्हणून परिचारिका दिवसाच काही कुप्या काढून प्रसूती कक्षातील ट्रेमध्ये ठेवत असे, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या तशाच पडून राहत. दुसरी किल्ली करून घेणे, बर्फाच्या वड्यांचा एक लहान डबा देणे आणि कोणत्या तारखेला किती कुप्या बाहेर काढल्या याची वही ठेवणे, यांवर नाममात्र खर्च येतो. उष्णता सोसणारे कार्बेटोसिन रक्तस्राव टाळण्यासाठी चांगले आहे आणि मिळाल्यास जरूर घ्यावे, पण रक्तस्राव सुरू झाल्यावर ऑक्सिटोसिन लागणारच, तेव्हा फ्रिजची व्यवस्था लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

झटक्यांचा आणि जंतुसंसर्गाचा विषय मी थोडक्यात उरकते. गरोदरपणातील उच्च रक्तदाबामुळे झटके येऊ लागलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस केंद्रातच द्यायला हवा. औषध बहुधा कपाटात असते, पण ‘चुकून श्वास थांबला तर’ या भीतीने ते देण्याचा धीर परिचारिकेला होत नाही. येथे भाषणाचा उपयोग नाही, बाहुलीवर दर महिन्याला सराव करून घ्यावा लागतो आणि उताऱ्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारीच ठेवावे लागते. जंतुसंसर्गाबाबत आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. कळा सुरू असताना तोंडावाटे ॲझिथ्रोमायसिनचा एकच २ ग्रॅमचा डोस दिल्यास मातेचा जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे दाखवणारी मोठी चाचणी सात देशांत झाली आणि भारतातील तिची केंद्रे नागपूर व बेळगाव येथे होती. मात्र प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न आहेच, म्हणून हा डोस मलावीच्या आरोग्य मंत्रालयाच्या धोरणाप्रमाणेच द्यावा, संस्थेने परस्पर सुरू करू नये. हात धुवायला वाहते पाणी नसेल तर त्याआधी बोअरवेलचा पंप दुरुस्त करावा.

रुग्णवाहिकेचा आपला पर्याय तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर का, ते सांगते. गाडी मिळते, पण इंधन, टायर आणि चालकाचा रात्रीचा भत्ता मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचे एका दिवसात ४४ टक्के अवमूल्यन झाले, आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे पेट्रोल पंपांवरच्या रांगा तेथे नेहमीच्या झाल्या आहेत. देणगीतून आलेली चारचाकी जिल्हा कार्यालयाच्या आवारात विटांवर उभी असलेली मी पाहिली आहे. याउलट मंगोची जिल्ह्यात सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बाजूला गादीची गाडी जोडलेल्या मोटारसायकली केंद्रांवरच ठेवून पाहिल्या, तेव्हा पुढे पाठवण्यातला उशीर दोन ते साडेचार तासांनी कमी झाला आणि खर्चही चारचाकीच्या मानाने पुष्कळ कमी आला. चिखलात त्या अडकतात, पावसाळ्यात बाई भिजते, आणि शुद्ध हरपलेल्या रुग्णासाठी त्या बऱ्या नव्हेत, हेही तितकेच खरे. म्हणून नवीन वाहन घेण्यापेक्षा जिल्ह्याकडे असलेल्या गाड्यांच्या इंधनासाठी राखीव निधी, सुटे भाग आणि प्रत्येक केंद्राला भरलेले मोबाइल बॅलन्स, यांनी अधिक जीव वाचतील. फोन महत्त्वाचा यासाठी की निरोप आधी पोहोचला तर जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियागृह तयार ठेवता येते. तेथे सिझेरियन बहुतांशी क्लिनिकल ऑफिसर करतात. ते एमबीबीएस नसतात, पण देशातच या कामासाठी प्रशिक्षित झालेले असतात आणि त्यांचे काम डॉक्टरांच्या तोडीचे असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडून जाणारे डॉक्टर सुरुवातीला त्यांच्याकडे कमीपणाने पाहतात. तसे कृपया होऊ देऊ नका.

वाटेबद्दल एक कठीण प्रश्न उरतो. रक्तस्राव होणाऱ्या बाईबरोबर परिचारिकेने जायचे की नाही? ती गेली तर केंद्रात कळा देणाऱ्या बाकीच्या बायका वाऱ्यावर पडतात, आणि न गेली तर गाडीत सलाईन बदलायलाही कोणी नाही. याचे उत्तर एकच, रात्री हाक मारल्यावर दहा मिनिटांत येऊ शकेल अशी दुसरी परिचारिका. आणि ती केंद्राजवळ राहायची तर राहण्याजोगे घर हवे. मलावीतील अनेक केंद्रांत कर्मचाऱ्यांची घरे एक तर कमी आहेत, किंवा गळकी आहेत. दोन खोल्यांचे छप्पर, एक सौर पॅनेल आणि दाराला चांगले कुलूप यांवर केलेला खर्च मातामृत्यू रोखण्याचा खर्च म्हणून अहवालात दाखवायला संकोच वाटू देऊ नका. माझ्या अनुभवात परिचारिका टिकणे आणि न टिकणे याचा सर्वांत जवळचा संबंध पगाराशी नसून घराशी होता.

रक्ताबद्दलही लिहायला हवे. मलावीची राष्ट्रीय रक्तसंक्रमण सेवा फार मोठ्या प्रमाणात माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या रक्तदानावर चालते, त्यामुळे शाळांना सुट्ट्या लागल्या की साठा आटतो. पावसाळ्यात मलेरियाने पांढरीफटक पडलेली मुले बालकक्षात दाखल होतात आणि तीच पिशवी त्यांनाही हवी असते. सुट्टीच्या महिन्यांत चर्च, मशिदी, चहाचे मळे आणि बाजारपेठा येथे रक्तदान शिबिरे भरवायला संस्थेने वाहन व अल्पोपाहाराचा खर्च उचलला, तर थोडक्या पैशांत मोठे काम होईल. रक्तदान शिबिरे भरवण्याचा अनुभव महाराष्ट्रातील कोणत्याही गणेश मंडळाकडे असतो, तो येथे खरोखर उपयोगी आहे.

सोनोग्राफीचा मोह मला समजतो. पण कांगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला येथील ग्रामीण भागांत गरोदरपणातील तपासणीत सोनोग्राफी जोडून पाहिली, तेव्हा तिने ना तपासणीला येणाऱ्यांची संख्या वाढली, ना माता-बालकांचे मृत्यू कमी झाले. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे: वार (प्लॅसेंटा) खाली आहे हे कळून उपयोग काय, जर वेळेवर पोहोचायची आणि सिझेरियन करायची सोय नसेल? शिवाय २०१५-१६ मध्ये पहिल्या तिमाहीत तपासणीला येणाऱ्या बायका केवळ २४ टक्के होत्या, त्यामुळे दिवस नेमके मोजण्याचा फायदाही अर्धवटच मिळतो. जिल्हा रुग्णालयात एक यंत्र आणि ते वापरणारा माणूस असावा. प्रत्येक केंद्रात नको.

जनजागृतीबाबत मला वेगळीच काळजी वाटते. बायका केंद्रांत येऊ लागल्या त्यामागे गावप्रमुखांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांनी काही ठिकाणी घरी बाळंत होणाऱ्या कुटुंबाला कोंबडी, बकरी किंवा रोख दंड लावण्याचे नियम केले. हेतू चांगला असला तरी दंड बसतो तो वाटेतच बाळंत झालेल्या, सर्वांत लांब राहणाऱ्या, सर्वांत गरीब बाईला, आणि पुढच्या वेळी ती बाळाला लसीकरणालाही आणत नाही. तसेच पहिल्या तपासणीला नवऱ्याला सोबत आणा, असा आग्रह काही केंद्रांत धरला जातो. नवरा दक्षिण आफ्रिकेत मजुरीला गेलेला असेल किंवा मुलगी अविवाहित असेल तर तिला रांगेत शेवटी बसवले जाते. आपल्याला समाजात काम करायचेच असेल तर गावप्रमुखांशी आणि आजीबाईंशी या दोन प्रथांबद्दल बोला, आणि परिचारिकांच्या वागणुकीबद्दल बायकांना काय वाटते ते त्यांच्याच तोंडून ऐका. ‘दवाखान्यात या’ हे सांगण्याची गरज आता फारशी उरलेली नाही.

गडचिरोलीच्या प्रश्नाकडे येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. ती पद्धत बाळंतपणे घरी होत असलेल्या, दवाखाना आवाक्यात नसलेल्या गावांसाठी आखलेली होती. मलावीत बाळंतपण केंद्रात होते, म्हणून ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण बाळंतपणानंतरचा भाग मात्र अगदी जुळतो. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात प्रसूतीनंतर दोन दिवसांत तपासणी झालेल्या माता फक्त ४२ टक्के होत्या. जागेअभावी त्यांना लवकर घरी पाठवले जाते आणि ताप, रक्तस्राव किंवा झटके घरी गेल्यावर सुरू होतात. तेथे प्रत्येक भागात हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतो. आपल्या आशांसारखा तो मानधनावर नसून पगारी सरकारी कर्मचारी असतो. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याने घरी जाऊन आईचे तापमान व रक्तदाब तपासावा आणि अंगावरून जाण्याबद्दल विचारावे, एवढे साधले तरी गडचिरोलीतील शिकवण कामी आली असे म्हणता येईल. तसेच १९८९ मध्ये राणीताईंनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. गरोदर नसलेल्या बाईकडे आरोग्यव्यवस्था पाहतच नाही, ही त्यातली जाणीव मलावीलाही लागू आहे.

म्हणूनच निधीचा दुसरा हिस्सा. जी गरोदर राहू इच्छित नव्हती ती गरोदर राहिली नाही, तर बाळंतपणातील धोका तिच्यापुरता शून्य होतो. मलावीने येथे मोठी मजल मारली आहे: आधुनिक गर्भनिरोधक वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया १९९२ मध्ये ७ टक्के होत्या, त्या २०१५-१६ मध्ये ५८ टक्के झाल्या. तिकडच्या बायकांची पसंती इंजेक्शनला आहे. गावपातळीवरील असिस्टंटला ते देण्याची परवानगी २००८ पासून आहे, आणि मंगोचीत झालेल्या चाचणीत, स्वतःच घरी टोचून घेता येणारे त्वचेखालचे इंजेक्शन वर्षभर चालू ठेवणाऱ्या स्त्रिया ७३ टक्के निघाल्या, तर दर वेळी सेवकाकडून घेणाऱ्यांत ४५ टक्के. नदी ओलांडून यावे लागत नाही आणि घरात कोणाला कळतही नाही, ही त्याची दोन कारणे बायका स्वतःच सांगतात. अडचण पुरवठ्याची आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकेची मदत मोठ्या प्रमाणात बंद झाल्यावर ती आणखी वाढली. आपण औषधांचा राष्ट्रीय पुरवठा भरून काढू शकणार नाही, पण जिल्हा गोदामापासून गावापर्यंतची वाहतूक नक्कीच सांभाळू शकता. दंडात बसवायच्या गर्भनिरोधक कांडीचे शिबिर घ्यायचे असेल तर ती काढून देणारा माणूसही वर्षभर उपलब्ध असल्याची खात्री करा. हवी तेव्हा काढून मिळत नाही असे एकदा पसरले की पुढची बाई येत नाही.

गर्भपाताबद्दल मलावीचा कायदा फार कडक आहे, दंडसंहितेत फक्त बाईचा जीव वाचवण्यासाठीच त्याला मुभा आहे. तरी २०१५ मध्ये सुमारे १ लाख ४१ हजार गर्भपात झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातले बरेच धोकादायक मार्गांनी. अर्धवट गर्भपात होऊन आलेल्या बाईवर उपचार करणे मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे. हाताने चालवायच्या निर्वात पंपाने ते काम शस्त्रक्रियागृहाबाहेर, पूर्ण भूल न देता, एका क्लिनिकल ऑफिसरला किंवा परिचारिकेला करता येते. साधने झिजतात, रबरी कड्या फाटतात आणि मग पुन्हा क्युरेटिंगकडे, म्हणजे गर्भाशय खरवडून साफ करण्याकडे वळले जाते, बाई शस्त्रक्रियागृहाच्या रांगेत दिवसभर रक्त गमावत बसते. सुटे संच पुरवा, आणि बाई घरी जाण्यापूर्वी त्याच खोलीत तिला गर्भनिरोधक मिळेल अशी व्यवस्था लावा. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २९ टक्के त्या सर्वेक्षणावेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या, आणि या खोलीत येणाऱ्यांत अशा मुली पुष्कळ असतात. त्यांना आधी प्रश्न विचारून रडवू नये, एवढे प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगा.

येथे मलावीकडून शिकण्याजोगे एक उदाहरण आहे. एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीला औषध कधी सुरू करायचे हे ठरवायला पूर्वी रक्तातील प्रतिकारपेशी मोजणारी सीडी-४ चाचणी लागत असे, आणि ग्रामीण केंद्रांत ती होत नसे. २०११ मध्ये मलावीने ठरवले की चाचणीची वाट न पाहता प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला त्याच दिवशी औषध सुरू करायचे आणि ते आयुष्यभर द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग २०१३ मध्ये स्वीकारला. एकटी परिचारिका रात्री काय करू शकते यावरून धोरण ठरवायचे, हा त्यातला विचार आपल्या प्रत्येक खरेदीला लावून पाहा.

वेळेबद्दल एवढेच सांगते. मलावी सरकारचे आर्थिक वर्ष २०२२ पासून आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च असते, आणि जिल्हा आरोग्य कार्यालय आपला वार्षिक आराखडा त्याच्या काही महिने आधी बांधते. आपल्या पिशव्या, इंधन आणि सुटे संच त्या आराखड्यात ओळ म्हणून आले नाहीत, तर दोन वर्षांनी त्यांचा खर्च कोणाच्याच नावावर नसेल. पाऊस नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो, तेव्हा केंद्रांची पाहणी मे ते ऑक्टोबरमध्ये उरकावी. जिल्हा आरोग्य कार्यालयाला पहिले पत्र लिहाल त्यातच गेल्या वर्षीच्या संदर्भसेवेच्या वह्या आणि मातामृत्यू आढाव्यांच्या प्रती पाहायची परवानगी मागा. ती मिळाली की जिल्ह्याचे नाव आणि केंद्रांची संख्या येथे कळवा, म्हणजे कोणत्या केंद्रापासून सुरुवात करावी यावर मला अधिक नेमके लिहिता येईल.